कशावर दळलंस?

माघातल्या उत्सवाला रिया येणार असं माझ्या मुलाने, निकेतने फोनवर सांगितलं आणि मग फोन तिच्या हातात दिला. तिने नमस्कार वगैरे काही केलं नाही. म्हणाली, "आजोबा, या वर्षी मला प्रसाद मिळेल?"

नऊ वर्षांची माझी नात. मी म्हटलं, "मिळेल."

"सगळ्यांना मिळतो तोच?"

"तोच."

फोन ठेवला आणि मी तुळशीपाशी जाऊन बसलो. शब्द तर देऊन बसलो होतो, आता तो पाळायचा कसा?

झालं होतं असं. रियाला सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट भाग असतो, तो तिच्या आतड्याला सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्कीट, सगळं बंद. गेल्या वर्षी उत्सवाच्या शेवटच्या कीर्तनाला ती माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती. झांज वाजवायला मीच तिला शिकवलं होतं. आरती झाली, शिऱ्याचं पातेलं फिरलं, आणि तिने हात मागे घेतला. मला ते बघवलं नाही. एवढं लहान पोर देवळातून रिकाम्या हाताने जाणार? मी म्हटलं, "एक चिमूट घे गो बाय. देवाच्या प्रसादानं कोणाक काय होणा नाय." आणि माझ्या हाताने तिच्या तळहातावर ठेवला.

रात्रभर पोर पोट धरून रडली. नंतर आठ दिवस शाळा बुडाली. निकेत मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. सूनबाई गाडीत बसताना नेहमीसारखी वाकून पाया पडली, आणि तेच मला फार लागलं.

देवावरचा माझा विश्वास त्याने कमी झाला असं कोणी समजू नये. देवाने काय खावं नि पोरीच्या आतड्याने काय पचवावं हे दोन हिशेब वेगळे, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं, एवढंच.

नुसतं केळं तिच्या हातावर ठेवलं असतं तरी चाललं असतं, हे मलाही समजतं. पण तिला वेगळं काही नको होतं. पुण्यात तिचा डबा वेगळा, वाढदिवसाला केक वेगळा, सहलीला पिशवी वेगळी. इथे तरी रांगेत उभं राहून सगळ्यांसारखं काहीतरी हातावर पडावं, एवढंच तिचं मागणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो. दुकानात हल्ली सुकवलेल्या फळांच्या पुड्या टांगलेल्या असतात. आंबा, आवळा, अननस. मी पस्तीस वर्षं पोस्टमन होतो. या खाडीपासून त्या खाडीपर्यंत लोकांची अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेला. पण या पुड्यांच्या मागचं अक्षर वाचायला मला भिंग काढावं लागलं. मसाला लावलेल्या आवळ्यात हिंग होता. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे मला निकेतने आधीच सांगून ठेवलं होतं. आंब्याच्या पुडीवर मोठ्या अक्षरात शंभर टक्के फळ, आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिलेलं, की याच कारखान्यात गव्हाचे पदार्थही बनतात.

दुकानदार म्हणाला, "पोस्टमामा, कोणाचा पत्र वाचतास?"

"माझ्याच नावाचा आसा," मी म्हटलं आणि पुडी परत टांगली.

घरी येता येता एकदम आठवलं, आणि मी स्वतःलाच हसलो. घरात पत्र्याचा मोठा डबा भरून फणसपोळी होती. मे महिन्यात परसातल्या बरक्या फणसाची मीच घातलेली. फणस, थोडा गूळ, ताटाला खोबरेल. त्यात गहू येणार कुठून? दीडशे माणसांना एकेक तुकडा सहज पुरेल. शिऱ्याऐवजी फणसपोळी. सगळ्यांना तीच, रियालाही तीच.

फणसपोळी माझ्या बायकोची. प्रेमलता जाऊन चार वर्षं झाली. ती असताना मी ताटं उन्हात नेण्यापलीकडे काही केलं नाही, पण तिचा हात रोज बघत होतो. गर किती घोटायचा, ताटावर किती जाड पसरायचा, कुठल्या दिवशी उलटायचा. ती गेल्यावर पहिल्या मे महिन्यात फणस झाडावरच पिकून पडायला लागला. त्या वासाने मला घरात बसवेना. तेव्हापासून मी घालतो. माझी पोळी तिच्यासारखी होत नाही. कडेला चिवट होते. पण डबा उघडला की वास तिचाच येतो.

तरी म्हटलं, एकदा डोरथी टीचरना दाखवू. डोरथी आमच्या शेजारच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचा नातू ॲरोन म्हापशाला असतो, त्याला रियाचाच आजार, पण पाच वर्षं आधीपासून. या बाबतीत गावात त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

मी चार पोळ्या केळीच्या पानात बांधून त्यांच्या व्हरांड्यात ठेवल्या आणि ऐटीत बसलो. त्यांनी पान उघडलं, वास घेतला, आणि खाल्लं नाही. चष्मा लावला.

"फणस खंयचो?"

"परसातलो."

"गूळ?"

"ढेपेचो. ढेप मी फोडलंय."

"ताटां?"

"घरचीच. खोबरेल लावन."

"ह्या ताटात कधी चपातेचा पीठ मळलंस?"

"टीचर, मी एकटो माणूस. चपाती माका जमणा नाय. माझी सगळी हयात पेजेर चलली."

त्या हसल्या. मग एक पोळी उचलून उजेडाला धरली. बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोटाला पांढरी भुकटी लागली होती.

"ह्या काय?"

"तांदळाचा पीठ. पोळयो एकमेकींक चिकटा नये म्हणान भुरभुरवतंत. प्रेमलता पण तसाच करी."

"तांदूळ तुझे?"

"माझ्या कुणग्यातले." कुणगा म्हणजे आमचा भाताच्या शेताचा तुकडा.

"दळलंस खंय?"

"बाळाच्या गिरणीत. आणि खंय?"

"कशार दळल्यान?"



आमच्याकडे गिरणीत गेलं की बायका पहिल्यांदा हेच विचारतात. आधीचं काय दळलं? गव्हावर तांदूळ टाकले तर भाकरीची चव जाते. म्हणून तांदळावर तांदूळ, नाचणीवर नाचणी. प्रेमलता गिरणीच्या पायरीवर तासभर बसून राहायची, पण गव्हानंतरचा नंबर घ्यायची नाही. "माका घाई नाय, आधी त्या वैनीचे तांदूळ घाल, मगे माझे," असं बाळाला सांगायची. मी दोनदा तिला त्यावरून चिडवलं होतं, की गिरणीत काय कीर्तन चाललंय म्हणून बसून राहतेस. आणि मी? मी डबा ठेवतो, बाजार करतो, येताना डबा घेतो.

"बाळाक विचारून बगतंय," मी म्हटलं.

"विचार," टीचर म्हणाल्या. "पण पोस्टमन, मी तुका आधीच सांगतंय. तांदळार दळला तरी त्या दगडात गहू आसताच."

गिरणीत बाळा पिठाने पांढरा होऊन उभा होता. मी विचारलं, "बाळा, मे महिन्यात माझे तांदूळ कशावर दळलंस?"

त्याने पट्टा बंद केला. त्याला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. मी परत विचारलं.

"पोस्टमामा," तो म्हणाला, "काल रात्री मी काय जेवलंय ता माका आठवणा नाय. तुमी मे महिन्यातला विचारतास."

"पोरीच्या जिवाचो प्रश्न आसा रे."

मग त्याने थट्टा थांबवली. रियाला तो ओळखत होता. गेल्या वर्षीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. त्याने मला आत नेलं, गिरणीचं तोंड उघडून दाखवलं. दगडाच्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी बोळीच्या घडीत, सगळीकडे पीठ बसलेलं. "ह्या कधीचा, कोणाचा, देवाक म्हायती," तो म्हणाला. "मामी बसान ऱ्हवायची तेव्हा तांदळार दळी मी. पण पहिली मूठभर तरी मिसाळतलीच. भाकरेक चलता. औषधाक चलाचा नाय."

मी घरी आलो आणि डबा उघडून बसलो. चाळीस-पन्नास पोळ्या, एकीवर एक, आणि प्रत्येकीच्या मध्ये ती पांढरी धूळ. झाडून काढावी, पुसून काढावी, सगळं मनात येऊन गेलं. पण तीच चूक मी एकदा केलेली. चिमूटभराने काय होतं, असं म्हणून केलेली. आणि माघात फणस कुठला आणू? उत्सवाला बारा दिवस होते.

त्या दुपारी मला आरोंद्याचे बुवा आठवले.

माझ्या लहानपणी उत्सवाला कीर्तनकार आरोंद्याहून यायचे. त्यांचं नाव कोणी घेत नसे, बुवा म्हटलं की तेच. उंच, सावळे, आवाज असा की समोरच्या खाडीतला होडीवाला वल्हं थांबवी. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, म्हणजे अभंगाचं विवरण. मग मध्ये बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. त्या मधल्या वेळात बुवा आम्हा पोरांना पुढे बोलवत आणि पूर्वरंगातलं एखादं विचारत. बरोबर सांगणाऱ्याला खांद्यावरच्या पडशीतून एक पुडी मिळे. केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेलं सुकेळं. उन्हात वाळवून मधासारखं झालेलं केळं. चुकीचं सांगणाऱ्यालाही मिळे, पण त्याला आधी अभंगाची एक ओळ म्हणावी लागे. मी पुष्कळदा मुद्दाम चुकायचो. बुवांबरोबर गायला मिळावं म्हणून.

तेव्हा प्रसाद म्हणजे खोबरं-गूळ. शिरा नव्हता. गहूच नव्हता म्हणा ना. आमच्या घरी पेज, घावणे, आंबोळी, नाचणीची भाकरी. गहू मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर यायचा, पाहुण्यासारखा, चार दिवस. त्या काळात रिया जन्मली असती तर तिला काही आजार आहे हे कोणाला कळलंही नसतं. पोर आमच्यासारखी काळी तुकतुकीत होऊन होडीवर नाचली असती. हे माझं उगाच म्हातारपणाचं बोलणं. त्या काळात पोरं दुसऱ्याच कशाने जात, हेही मी पाहिलेलं आहे.

पण सुकेळ्याला पीठ लागत नाही. गिरणी लागत नाही. केळं आणि ऊन, बस्स. दोन्ही माझ्या परसात होतं.

पिकायला आलेले चार घड उतरवले. एक अडचण राहिली. माझ्या घराच्या तिन्ही बाजूंना त्या दिवसांत बांगडे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, वाळत पडलेली असतात. अंगणात केळं ठेवलं तर सातव्या दिवशी त्याला सुकेळं कोण म्हणेल? उंचावर गच्ची एकच, टीचरांची.

"देवाचो प्रसाद ख्रिस्तांवाच्या गच्चीर?" टीचर म्हणाल्या. "तुमच्या देवस्थानचो गणपत काय म्हणतलो?"

"गणपताक मी बगतंय. तुमच्या गच्चीर सुकट नाय मां?"

"होती. सकाळीच काढलंय." त्या आधीच झाडू घेऊन उभ्या होत्या. "माका म्हायत होता तू येतलंस."

त्यांनी गच्ची दोनदा धुतली. नवी चटई घातली, वरून ॲरोनच्या पाळण्याची मच्छरदाणी. केळी सोलायला नवा चाकू आणला, कारण जुन्याने पाव कापला जातो. आठ दिवस आम्ही दोघं सकाळी केळी उलटत होतो आणि ऊन उतरलं की आत नेत होतो. उलटता उलटता त्यांनी मला ॲरोनच्या पहिल्या कम्युनियनची गोष्ट सांगितली. चर्चमध्ये जी पांढरी चकती जिभेवर देतात ती गव्हाचीच लागते. पोराने नवा सूट घातलेला, आणि रांगेत घाबरून उभा होता. "पाद्रीन तेका नुसती वाईन दिल्यान, येगळ्या पेल्यात," टीचर म्हणाल्या. "चलता तसा. पण घराकडे येवन ॲरोन माका म्हणता, आजी, माका अर्दोच देव मेळलो काय?"

"तुमी काय म्हटलास?"

"गणित शिकवलंय मी. म्हटलंय, देवाचो अर्दो म्हणजे पण पुरोच."

चौथ्या दिवशी केळ्यांना रंग चढला, सहाव्या दिवशी वास सुटला. मी केळीची सुकी पानं पुसून, कापून ठेवली. आठव्या दिवशी एकेक सुकेळं पानात गुंडाळलं आणि सोपाने, म्हणजे केळीच्या वाळक्या दोरीने बांधलं, बुवांसारखं. एकशे ऐंशी झाली.

गणपत आमच्या देवस्थानचा खजिनदार. तो म्हणाला, "मामा, शिरो ही आपली परंपरा."

"परंपरा तुझ्या बापाशीन सुरू केल्यान. मी सतरा वर्षांचो होतंय. मुंबयसून रव्याचा पोता घेवन इलो होतो तो."

गणपतने जरा विचार केला. "मगे शिरो पण ठेवया, आणि ह्या पण."

"ठेव," मी म्हटलं. बापाचं नाव मी काढलं होतं, एवढं त्याला द्यायलाच हवं होतं.

शेवटचं कीर्तन दुपारी चारला होतं. निकेत, सूनबाई, रिया सकाळीच आले. रिया उंच झाली होती. मी काही सांगायच्या आत तिने सुकेळ्यांची पाटी पाहिली आणि माझी परीक्षा घेतली. कशावर वाळवलं? नवी चटई. चाकू? नवा. पानं कशाने पुसली? धुतलेल्या पंच्याने. पंचा कशाबरोबर धुतला? "एकटोच," मी म्हटलं, "माझ्यासारखो." सूनबाई मागे उभी राहून ऐकत होती. ती हसली. वर्षभराने तिचं हसू पाहिलं. मग मी रियाला ॲरोनच्या अर्ध्या देवाची गोष्ट सांगितली.

या वर्षीचे बुवा तरुण होते, कसालच्या बाजूचे, आवाज गोड पण घाई फार. तरी पूर्वरंग छान रंगला. रिया झांज वाजवत होती, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की आरोंद्याचे बुवा असते तर हिला पुढे बोलावून विचारलं असतं. टीचर नेहमीसारख्या देवळाबाहेर पारावर बसून ऐकत होत्या.

आरती झाली. रांग लागली. गणपत पातेलं आणि पाटी घेऊन उभा राहिला. चमचा बाजूला ठेवून तो प्रत्येकाला आधी हातानेच शिऱ्याचा गोळा देत होता, मग त्याच हाताने सुकेळं. त्याची बोटं तुपाने चकाकत होती.

मी रांगेत तिच्या मागे होतो. इतकं सगळं केलं, गिरणीच्या दगडापर्यंत गेलो, आणि वाढणाऱ्याच्या हाताचा विचार केला नव्हता.  तोंड उघडलं तर उत्सवात गणपतचा अपमान, आणि पोरगी परत सगळ्यांसमोर वेगळी.

रियाने हात पुढे केला नव्हता. ती गणपतच्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, तुमच्या हाताला शिरा आहे."

मागची माणसं थांबली. गणपतने स्वतःचा हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत गेल्या वर्षीचं सगळं असणार. त्याने पातेलं खाली ठेवलं, पाटी खांद्यावरच्या पंच्याने झाकली, आणि विहिरीकडे गेला. रहाटाचा आवाज आला. एक कळशी, मग दुसरी. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "गणपत आंघोळ करता काय?" आणि बायका हसल्या.

बुवांनी पेटीवाल्याला खूण केली आणि रांग थांबलेलीच असताना नामाचा गजर धरला. या वेळी घाई नव्हती. दीडशे माणसं उभ्या उभ्या टाळ्या वाजवत होती, आणि रियाने गळ्यातली झांज परत हातात घेतली.

गणपत कोपरापर्यंत हात धुऊन आला. पाटीतली वरची सुकेळी, जिथे त्याची बोटं आधी पोचली असतील ती, बाजूला सारून अगदी तळातलं काढलं. दोन बोटांनी देठाला धरून तिच्या तळहातावर ठेवलं. मग मागच्यांना म्हणाला, "आता आधी ह्या सगळ्यांका. शिरो मगे."

रियाने सोप सोडला, पान उलगडलं, आणि अर्धं सुकेळं मोडून एका घासात खाल्लं.  ती चावत राहिली.

"कसां आसा?" मी विचारलं.

"चिकट आहे," ती म्हणाली. "आणि थोडा माशांचा वास येतो."

पारावरून टीचरांनी कपाळाला हात लावला. "त्या दिवशी सकाळीच काढलेलंय मां मी ती सुकट," त्या म्हणाल्या.

रियाने उरलेलं अर्धं परत पानात गुंडाळलं, सोप नीट बांधला आणि ते माझ्या हातात दिलं. "हे ॲरोनसाठी," म्हणाली. "मी दुसरं घेते." आणि ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, सगळ्यांसारखी.